अर्धा पाइप, एक घमेले आणि शंभर ठोकळे

महोदय,

प्रवेशाचे दिवस जवळ आले की बालवाड्यांचे फलक चौकाचौकांत लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांवर ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित), ‘रोबोटिक्स’, ‘लिटल सायंटिस्ट’ हे शब्द हमखास दिसतात. ज्या वयात चपलेचा डावा-उजवा पाय अजून कळत नाही, त्या वयासाठी रिमोटवर चालणाऱ्या गाडीचे किट आलेले असते. सरकारी अंगणवाडीत किट नसते, तिथे 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा ज्वालामुखी असतो: मातीचा डोंगर, आत बाटली, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि चिमूटभर लाल रंग. फेस येतो, टाळ्या होतात, फोटो निघतो. मुलांना त्यात बघण्यापलीकडे काही काम नसते.

बालवाडीत विज्ञान नको असे आमचे म्हणणे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा धरला, 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि दोन्हींत खेळातून शिकण्यावरच भर आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट नवीनही नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले, पाने हीच साधने केली. पाड्यावरची मुले येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सामान तेव्हाही स्वस्त होते, आजही आहे. दुर्मीळ आहेत त्या दोनच गोष्टी. एक, मूल काहीतरी करून बघत असताना ताईने दोन मिनिटे गप्प बसणे. दुसरी, मांडलेला पसारा आठवडाभर न आवरण्याची मुभा. त्या किटाच्या खोक्यात येत नाहीत, म्हणून पत्र जरा तपशीलात लिहीत आहोत.

सुरुवात उतारापासून करावी. शेतीच्या कामाचा 90 मि.मी. व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्यावा, बहुतेक गावांत कुणाच्या तरी गोठ्याशी उरलेला तुकडा पडलेला असतोच. तीन मीटरच्या पाइपातून 1.2 मीटरचे दोन तुकडे करून ते उभे चिरले की चार पन्हाळी मिळतात आणि उरलेल्या 60 सें.मी.च्या दोन आखूड. चिरलेली कड धारदार असते, ती पॉलिशपेपरने घासून बोटाला लागेनाशी करावी. हे काम मुले घरी गेल्यावर करावे, कारण त्याची पूड नाकातोंडात जाते. पैसे वाचवायला 75 मि.मी.चा पाइप घेतला तर टेनिसचा चेंडू दोन्ही बाजूंना घासत उतरतो आणि मुले पाइपाशी नाही, अडकलेल्या चेंडूशी झगडत बसतात.

पन्हाळीचे एक टोक विटेवर, दुसरे जमिनीवर. साधी वीट साडेसात सें.मी. जाड, म्हणजे एक, दोन, तीन विटा रचल्या की तीन उंची आयत्या मिळाल्या. पन्हाळ गोल असल्याने विटेवर डुलते, म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या सतरंजीची वळी लावावी. चेंडू कुठे थांबला तिथे खडूची खूण करावी आणि अंतर पावलांनी मोजावे. फूटपट्टी या वयात निरर्थक आहे. ‘माझी सात पावलं’ हे माप मात्र मुलाचे स्वतःचे असते, आणि शेजारच्या मुलाची त्याच अंतराला नऊ भरली की पुढचा वाद आपोआप सुरू होतो.

दोन पन्हाळी जोडायला निघाली की खरे अभियांत्रिकीचे काम सुरू होते. मुले पहिल्यांदा टोकाला टोक भिडवतात आणि चेंडू फटीत अडकतो. मग खालच्या पन्हाळीचे टोक वरच्यावर चढवतात, तेव्हा चेंडू त्या काठावर आपटून बाहेर उडतो. वरच्या पन्हाळीचे टोक खालच्या पन्हाळीत चार-पाच सें.मी. आत टेकले पाहिजे, घरावरच्या कौलांसारखे. पाच वर्षांची मुले दोन-तीन दिवसांत तिथवर आपली आपण पोहोचतात. अट एवढीच, की पहिल्या दिवशी ताईने पुढे होऊन ‘अरे असं नाही, असं ठेव’ म्हणायचे नाही. हे वाक्य आवरणे फार अवघड जाते, कारण मूल चुकते आहे हे दिसत असते आणि भिंतीवरच्या वेळापत्रकात पुढचे बडबडगीत वाट बघत असते. त्यात मदतनीसताई झाडायला आल्या आणि विटा-पाइप कोपऱ्यात उभे केले, की दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा शून्यापासून सुरू करतात. मांडणी आठवडाभर जागेवर राहिली तरच कालची चूक आज उपयोगी पडते. जागा अपुरी असेल तर जोडलेली रचना खडूने जमिनीवर आखून ठेवावी आणि सकाळी मुलांनीच त्या रेषांवर ती परत मांडावी. हाच त्यांचा पहिला आराखडा.

वयाचा एक पेच आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत असतात, त्यामुळे मोठी मुले मांडणी ताब्यात घेतात आणि लहानगे रडत बसते. चेंडू सोडण्याचे काम कायम सर्वांत लहानाकडे द्यावे. तीन वर्षांच्या मुलाला उंची बदलण्यात फारसा रस नसतोच, त्याला सोडणे आणि परत आणणे हेच तीस वेळा करायचे असते. एका मांडणीवर पाच-सहा मुले पुरेत. पंचवीस मुलांना गोल बसवून एकेकाला एकदा चेंडू सोडायला लावला तर तो उपक्रम राहत नाही, रांग होते.

आता ताईच्या बोलण्याविषयी. ‘का?’ हा प्रश्न शास्त्रज्ञाचा म्हणून गौरवला जातो, पण आपल्या घरांत मुलाच्या कानावर तो बहुधा रागावताना पडतो: ‘का सांडलंस?’, ‘का मारलंस त्याला?’ त्यामुळे ‘चेंडू का पडला?’ विचारले की चार वर्षांचे मूल ‘मी नाही पाडला’ म्हणते. त्याऐवजी ‘आता कुठपर्यंत जाईल, खूण कर बघू’, ‘काय झालं?’, ‘काय बदललंस?’ हे तीन प्रश्न पुरतात. आणि विचारल्यावर थांबायचे. मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत उत्तराला हात घालायचा नाही.

मराठीची एक सोय इथे वाया जाताना दिसते. चेंडू घरंगळतो आणि खोडरबर घसरते. दोन्ही खाली येतात, पण येण्याची तऱ्हा वेगळी आणि शब्दही वेगळा. पाणी सांडते, गळते, ठिबकते, झिरपते, पाझरते. उतार, चढ, तोल, टेकू, कोंब, मोड हे सगळे शब्द आजीच्या बोलण्यातले आहेत. त्यांच्या जागी इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात ‘फ्लोट’, ‘सिंक’ सुरात म्हणवून घेतले जाते आणि ते पाठ झाले की विज्ञान झाले असे समजतात. फरक हाताने ओळखता आला, की त्याला आपला शब्द आधी चिकटवावा. परका शब्द पुढे केव्हाही शिकता येतो.

ताईने चुकीचे कारण सांगणे हे काहीच न सांगण्यापेक्षा वाईट. उतारावरचे नेहमीचे वाक्य म्हणजे ‘जड चेंडू आधी पोहोचतो’. मुले भरीव रबरी चेंडू आणि पोकळ प्लास्टिकचा चेंडू एकाच वेळी सोडतात, भरीव पुढे जातो आणि वाक्य खरे ठरल्यासारखे वाटते. तीन विटांच्या उंचीवर 1.2 मीटरच्या उतारावर पोकळ चेंडू साधारण वीतभर मागे पडतो. पण कारण वजन नाही. पोकळ चेंडूचे सगळे वस्तुमान कडेला असते, त्याला गोल फिरवण्यात जास्त जोर खर्ची पडतो. लहान आणि मोठा असे दोन भरीव चेंडू, वजनात दुप्पट-तिप्पट फरक असला तरी, रुंद फळीवरून सोडले तर जवळजवळ बरोबरच उतरतात. सगळ्यांत मागे राहते ती बांगडी. हे मुलांना समजावायचे मुळीच नाही. ताईला माहीत असले म्हणजे ती चुकीचे वाक्य गिळते, तेवढे बस.

पाण्याच्या बाबतीत तसेच दुसरे वाक्य आहे: ‘जड बुडते, हलके तरंगते’. छापील तक्त्यांतही ते सापडेल. ज्या महाराष्ट्रात पाठीला वाळका भोपळा बांधून पोरांना विहिरीत पोहायला शिकवत, तिथे हे वाक्य टिकायला नको होते. दुधी तरंगतो, त्याच्यापुढे चिमूटभर असलेला वालाचा दाणा तळाला जातो.

घमेल्यात चार बोटे पाणी घ्यावे, खाली जुने पोते अंथरावे म्हणजे फरशी निसरडी होत नाही. वस्तू सहा-सातच ठेवाव्यात. वीस वस्तू टाकल्या की मुले नुसती पाणी उडवतात. अर्थात पहिले दोन दिवस ती तसेही उडवणार आहेत, उडवू द्यावे. चमचा आणि वाटी दोन्ही स्टीलचीच हवीत. चमचा बुडतो, वाटी अलगद ठेवली तर तरंगते आणि कलती ठेवली तर पाणी भरून बुडते. एकच धातू दोन प्रकारे वागतो, हे बघून मुले वाटी परत परत उचलून ठेवतात. पुढच्या दिवशी साधारण अर्ध्या लिटरची पसरट वाडगी आणि लिंबाएवढे गोटे द्यावेत. मधोमध ठेवले तर चार-पाच पेलते, एका कडेला दोन ठेवले तरी कलंडते. मूल गोटे कमी-जास्त करून थकले की एकदा ‘गोटे तेच, जागा बदलून बघू या का?’ एवढे सुचवायला हरकत नाही. नाव भरण्याचे सगळे शास्त्र तिथे आहे.

या खेळात फसगत कुठे होते तेही सांगायला हवे. मोठा लाल भोपळा घमेल्यात ठेवला तर तो तळाला टेकूनच बसतो, कारण त्याला उचलायला तेवढे पाणीच नसते, आणि मुले ‘बुडला’ म्हणून मोकळी होतात. त्याला खोल पाणी लागते, म्हणून तो खेळ अंगणवाडीत नकोच, दुधी पुरे. संत्रे सालीसकट तरंगते, कारण सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात हवा असते. सोललेले बहुधा बुडते, पण नागपुरी संत्र्याच्या मधल्या पोकळीत हवा राहिली तर सोललेलेही अर्धवट तरंगते. अशा वेळी फोडी सुट्या करून टाकाव्यात. कणकेची होडी दहा मिनिटांत चिकट लगदा होते. मातीची भिजून फुटते. तेलकट खेळमाती मात्र चांगली: गोळा बुडतो, त्याचीच वाटी केली की तरंगते.

ठोकळ्यांबद्दल लिहायलाच हवे, कारण पैसे सर्वाधिक तिथे वाया जातात. रंगीत, एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे खरेदीच्या यादीत कायम असतात. ते अडकतात, म्हणून पडत नाहीत. पडत नाहीत, म्हणून तोल शिकवत नाहीत. साधा लाकडी ठोकळा 14 सें.मी. लांब, 7 रुंद, 3.5 जाड असावा. चार-दोन-एक हे प्रमाण जपले तर दोन ठोकळे आडवे रचून एका ठोकळ्याच्या रुंदीची उंची गाठता येते, आणि अर्धे-दुप्पट मुलांच्या हाताला कळते. पाच-सहा मुलांना साठ पूर्ण, वीस अर्धे (7 सें.मी.) आणि वीस दुप्पट (28 सें.मी.) पुरतात. करवतीची वजावट धरून 7 × 3.5 सें.मी.ची साधारण 52 फूट पट्टी लागते. गावचा सुतार उरल्यासुरल्या सागवानातून किंवा बाभळीतून हे करून देतो.

सुतार मात्र सवयीने आधीच्या तुकड्यावरून पुढचा मापतो, आणि प्रत्येक वेळी पेन्सिलच्या रेषेची जाडी मिळत मिळत शेवटचा ठोकळा तीन-चार मिलिमीटरने लांब निघतो. घरबांधणीत एवढे खपून जाते. इथे तेवढ्याने मनोरा कलतो, दोन खांबांवरचा पूल एका बाजूला उचकतो, आणि मुलाला वाटते आपल्यालाच जमत नाही. करवतीशी एक अडकण ठोकून सगळे तुकडे त्याला टेकवून कापायला सांगावे. कडा आधी 80 आणि मग 120 नंबरच्या पॉलिशपेपरने गोलसर कराव्यात. रंग, व्हार्निश काही नको. प्लायवुड नको, त्याच्या कुसा बोटात शिरतात. मालाच्या खोक्यांचे लाकूड फुकट मिळते, पण त्यावरचा शिक्का बघावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया केलेले, ते मुलांच्या हाती देऊ नये.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी गाडी. बाटलीची झाकणे ही चाके, खराट्याची जाड काडी हा कणा, रिकाम्या बॉलपेनची नळी खोक्याच्या तळाला चिकटवायची आणि काडी त्या नळीतून फिरती ठेवायची. काडीच खोक्याला चिकटवली की गाडी जागची हलत नाही. झाकणाला भोक तापल्या खिळ्याने मोठ्यांनी पाडायचे, पण कुठे पाडायचे ते मुलाने दाखवायचे. भोक मधोमध नसले की गाडी लंगडते. तशी एक लंगडी गाडी जपून ठेवावी. झाकणाएवढा कागद दोनदा दुमडला की घड्या मध्यावर मिळतात ही युक्ती तिच्यामुळेच मुलांना हवीशी वाटते, एरवी ती नुसती घडीघडी होते.

मोड तर अंगणवाडीच्या स्वयंपाकात रोजचेच. उसळीची मटकी रात्रभर भिजत घालून फडक्यात बांधताना मूठभर कोरडी आणि मूठभर तशीच पाण्यात बुडवून ठेवावी. पाण्यातली कुजून वास मारते, तिला हवा मिळत नाही. मुले नाक मुरडतात आणि विसरत नाहीत. काचेच्या ग्लासात ओल्या कागदाआड चवळी लावली आणि मूळ फुटल्यावर ग्लास आडवा केला, की दोन-तीन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळते. दिवसभरात सावली कशी बदलते ते मोजायचे असेल तर उभे राहण्याच्या जागी पावलांच्या खुणा खडूने पक्क्या आखाव्यात. दर तासाला त्याच खुणांवर उभे राहिले नाही तर सगळे मोजमाप फुकट जाते.

सुरक्षेची बाब थोडक्यात, पण ती गंमतीची नाही. बियाण्यांच्या दुकानातले किंवा पेरणीचे गुलाबी-लाल बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नये, त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. खेळाला बी स्वयंपाकघरातलेच हवे. हरभरा, वाटाणा, चिंचोके लहानांच्या नाकात जातात, आणि हरभरा तिथे ओलीने फुगतो. तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलाजवळ चार सें.मी.पेक्षा लहान काही नको. चार बोटे पाणीही लहान मुलाला बुडवू शकते, म्हणून घमेल्याजवळून ताई उठली तर घमेले आधी रिकामे. आणि ज्यांनी दिवे लागणारी किटे विकत घेतली असतील त्यांनी बटणाएवढा सेल स्क्रूने बंद झाकणाआड आहे का ते आजच बघावे. गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती भाजून काढतो. छोटे जोरकस चुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून भोके पाडतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

महिला व बालविकास विभागाकडे मागणे फार नाही. साधनांच्या खरेदीत लाकडी ठोकळे वरील मापांसह लिहावेत आणि मापात अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक असलेला माल परत करावा. बीटच्या (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक बैठकीत एक तास असा ठेवावा की सेविका स्वतः पन्हाळी जोडतील, वाडग्या बुडवतील. भाषण नको, चित्रफिती नकोत. पर्यवेक्षिकांच्या भेटीत ‘खोली आवरलेली आहे का’ हा रकाना असेल, तर मांडून ठेवलेल्या रचनेमुळे सेविकेचे गुण कापले जाऊ नयेत. आणि फोटो मागायचाच असेल तर एकाच मांडणीचे दोन मागावेत, सोमवारचा आणि शुक्रवारचा.

खासगी बालवाडीत प्रवेश घेणाऱ्या पालकांनी रोबोट दाखवा म्हणू नये. काल मुलांनी बांधलेले काय आज अजून उभे आहे, ते दाखवा म्हणावे.

आपले,
बालशिक्षण साधने व प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक